व्हर्ना केटलची धडक

चेंडू उचलायला वाकलेलीला सोडायचं नाही, हे व्हर्ना केटलनं पोरींना पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं. "ती उठलीच," ती म्हणायची, "तर उठताना तिला तुमची आठवण यायला हवी."

ती स्वतः तशीच खेळली होती. ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या पट्ट्यात, बिरानूक गावात, हातानं चेंडू उचलून धडका देत खेळायच्या तिथल्या फुटबॉलचा बायकांचा संघ नव्हता, तेव्हा ती दीडशे किलोमीटर गाडी हाकत खेळायला जायची. दोन दात, एक गुडघा आणि नाकाचा सरळपणा ती तिथंच घालवून आली. चाळिशीत तिनं गावात संघ काढला. क्लबातले पुरुष बिअरच्या ग्लासाआडून हसले. पहिल्या वर्षी पोरी दर शनिवारी शंभरावर गुणांनी हरत गेल्या, तेव्हा ते उघड हसायला लागले. मग व्हर्नानं पोरींना मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये नेलं आणि लोकरीच्या गठ्ठ्यांवर खांदे आपटायला लावले. खांदे काळेनिळे पडले, एकीचा निखळला. दुसऱ्या वर्षी त्या जिंकू लागल्या आणि तिसऱ्या वर्षी उपांत्य सामन्यापर्यंत पोचल्या.

समोर शेजारचं मिन्योला होतं. त्यांची टॅम्सिन ओडगर्स, एकोणीस वर्षांची, कितीही गर्दीतून चेंडू काढून न्यायची.

"ती बारा नंबरची," सामन्याआधी खोलीत व्हर्ना म्हणाली. "ती उभी राहिली तर आपण घरी. ब्रॉनी, पहिल्या पाच मिनिटांत."

ब्रॉनी मॅकस्किमिंग मेंढ्या कातरायची. धिप्पाड मेंढा मानगुटीला धरून सहज उलथा करायची. "किती जोरात, कोच?"

"चेंडू दिसला तरी तिनं तोंड फिरवलं पाहिजे, इतकं."

"बिचारीच्या आईला फोन करून ठेवा गं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि खोली खदखदून हसली.

चौथ्या मिनिटाला चेंडू चिखलात घरंगळला. टॅम्सिन वाकली. ब्रॉनी वीस पावलांवरून सुटली, खांदा खाली घातला आणि चेंडूकडे न बघता सरळ तिच्या तोंडावर गेली. हाड मोडल्याचा आवाज व्हर्नाला सीमेवर ऐकू आला. टॅम्सिन तोंडावर पडली. तिचा एक पाय आपोआप झाडत राहिला, मग तोही थांबला.

पंचाची शिट्टी कुणी ऐकलीच नाही. मिन्योलाच्या पोरी ब्रॉनीवर तुटून पडल्या. एकीनं तिची वेणी धरून मान मागं ओढली, दुसरीनं पोटात गुडघा घातला. बिरानूकच्या पोरी धावल्या. पाण्याच्या बाटल्या नेणाऱ्या बाईचा ओठ फाटला. व्हर्ना सोडवायलाच आत गेली होती. पण एक पोरगी तिच्या तोंडावर थुंकली आणि व्हर्नाचं कोपर त्या पोरीच्या गळ्यावर बसलं. विचार करायला वेळच नव्हता. वीस वर्षांचं हाताचं वळण होतं ते. पोरगी गळा धरून खाली बसली. तिच्या पलीकडे टॅम्सिनला स्ट्रेचरवर घेत होते. तिचा जबडा एका बाजूला लोंबत होता. सामना तिथंच थांबला.

मंगळवारी लीगच्या शिस्त समितीनं व्हर्ना आणि ब्रॉनीला बोलावलं. दारातच क्लबचा अध्यक्ष क्लाइव व्हर्नाच्या कानाशी लागला. "ब्रॉनीचा पाय घसरला, चेंडूवरच गेली होती. एवढं बोलायचं आणि गप्प बसायचं."

आत ब्रॉनी डोळा सुजवून बसली होती. व्हर्ना उभी राहिली.

"मी सांगितलं होतं तिला," ती म्हणाली. "त्या पोरीचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. नंबर सांगितला होता."

व्हर्नावर तीन वर्षांची बंदी आली. ब्रॉनी आठ सामन्यांवर सुटली. बाहेर गाड्यांपाशी ब्रॉनी तिची वाट बघत होती.

"तोंड उघडायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुझी शिक्षा कमी व्हावी म्हणून..."

"मी काय तुझं कुत्रं आहे? छू म्हटलंस की धावणारं? मला तिला पाडायचंच होतं. तू बोलली नसतीस तरी पाडलं असतं." तिचा आवाज चिरकला. "आवडलं मला ते, कोच. हाड मोडलेलं खांद्याला कळलं, आणि आवडलं. हे का नाही सांगितलंस आत?"

व्हर्नानं तिच्या दंडाला हात लावला. ब्रॉनीनं खांदा घातला. व्हर्ना गाडीच्या दारावर आदळली आणि खाली बसली. श्वास परत येण्याआधीच तिला कळलं की खांदा अगदी शिकवल्यासारखा लागला होता. दोन बरगड्या गेल्या होत्या. ब्रॉनी पायीच रस्त्याला लागली. त्यानंतर ती बिरानूककडून खेळली, पण व्हर्नाशी बोलली नाही.

बरगड्या बांधून व्हर्ना रविवारी मिन्योलाला गेली. टॅम्सिनच्या आईनं, मॅव्हिसनं, दार उघडलं आणि तिचं सगळं ऐकून घेतलं.

"झालं बोलून? मग आत ये. बघून जा."

पडदे ओढलेले होते. जबडा तारांनी बांधलेली टॅम्सिन पलंगाच्या कडेवरून वाकली होती. दातांमधून ओकारी बाहेर येत नव्हती, नाकातून येत होती. मॅव्हिसनं व्हर्नाच्या हातात तसराळं दिलं. व्हर्नानं ते धरलं. वाकताना बरगड्यांतून कळ गेली, पण ती सरळ झाली नाही. पोरीनं डोळे वर करून कोण आहे ते पाहिलं. तिच्यात ढकलायचीही ताकद नव्हती.

"डोकं तपासायला दर गुरुवारी बॅलरॅटच्या इस्पितळात न्यायचंय," मॅव्हिस म्हणाली. "माझी रजा संपली. माफी बिफी मला नको. गाडी आहे ना तुझ्याकडे?"

त्या हिवाळाभर आणि पुढच्याही हिवाळ्यात व्हर्ना तिला नेत राहिली. टॅम्सिन काळा चष्मा लावून मागच्या सीटवर बसायची. पहिले चार महिने ती एक शब्द बोलली नाही. पुन्हा कधी खेळायचं नाही, असं डॉक्टरनं सांगितलं त्या दिवशी परतताना मात्र तिनं पुढच्या सीटच्या पाठीवर बुक्क्या मारायला सुरुवात केली. एकामागून एक, व्हर्नाच्या मणक्यावर बसतील अशा. व्हर्नानं गाडी थांबवली नाही. गव्हाची शेतं मागं पडत राहिली आणि पोरीचा हात दमेपर्यंत ती सरळ रस्त्याकडे बघत राहिली.