सूफेलकाठचा विजय

वॉटर्लूला सम्राट हरला, गादीवरून उतरलासुद्धा, आणि त्यानंतर आमच्या सूफेल ओढ्यावर फ्रेंच सैन्याने दणक्यात लढाई जिंकली. उपयोग शून्य! तरी आमचं गाव दर जूनमध्ये जुने गणवेश चढवून ती लुटुपुटूची पुन्हा जिंकतं. हरायला ऱ्हाइनपलीकडचे जर्मन पाहुणे येतात, हौसेने मरतात आणि संध्याकाळी आमच्याबरोबर कांदा भरून भाजलेली तार्त चापतात.

मला त्या लढाईत ढोल वाजवायचा होता. पण समितीचे अध्यक्ष ओलमनकाका, म्हणजे आमचे जुने खाटीक, दरवर्षी एकच सांगायचे, "सोलेन, सैन्यात पोरी नव्हत्या."

यंदा पाहुण्यांच्या गावात नेमकं लग्न निघालं. शत्रूच नाही! गावातला एकही पुरुष हरायला तयार होईना. शेवटी काका आमच्या वर्गात आले.

"पोरींनो, शत्रूचे कोट चढवा. पळायला काय शिकावं लागतंय?"

चढवले. नियम एकच: फ्रेंच निशाणाने ओढा ओलांडला की शत्रूने पळायचं, आधी नाही.

तोफ उडाली. आमचे शूर म्हातारे गर्जत निघाले, ओढ्यात उतरले आणि तिथेच रुतले. ढोलवाले मार्सेलकाका तर धापा टाकत दगडावरच बसले. आम्ही या काठावर बंदुका रोखून उभ्या. बघणारे लोक फिदीफिदी हसू लागले.

"पळा की गं!" ओलमनकाका गुडघाभर चिखलातून कुजबुजले.

"निशाण कुठे आलंय अजून, काका? नियम तुमचाच."

"महापौर बघतायत, बाई!"

"मग ढोल द्या."

"शत्रूला ढोल? डोकं फिरलंय का तुझं?"

"नाहीतर सगळ्यांना कैद करते."

"अरे, घेऊ दे तिला!" मार्सेलकाका कळवळले. "माझा दम केव्हाच संपलाय."

ढोल माझ्या गळ्यात आला! शत्रूच्या कोटात उभं राहून मी फ्रेंच चढाईचा ठेका असा कडाडून वाजवला, की म्हातारे खरंच चेकाळले, एकमेकांना ओढत वर चढले. निशाण पार! मैत्रिणी किंचाळत पळाल्या. मीही पळाले, वाजवत वाजवत.

भाषणात महापौरांनी मूठ उंचावली. "ऐकलात तो ढोल? सम्राटाच्या जुन्या शिपायांचं रक्त बोलत होतं त्यात!"

मार्सेलकाकांनी उठून, छातीवर हात ठेवून टाळ्या घेतल्या. घेऊ देत. ढोल मी काही गळ्यातून काढला नाही, तार्त खातानासुद्धा.