दिनविशेषाचा फळा आणि बावीस मे

मी दिनविशेषाचा फळा बोलतोय. इतकी वर्षं माझ्या अंगावर दुसऱ्यांचंच लिहिलं गेलं. आज माझं ऐका. मी गोड बोलणार नाही, हे आधीच सांगतो.

माझा जन्म जबलपूरच्याच गोहलपूर भागातल्या एका सुताराकडे झाला. पेट्यांच्या जुन्या फळ्या जोडल्या, वर काळा रंग फासला आणि झालो मी फळा. सुतार रंग देताना कोणाला तरी फोनवर शिव्या देत होता. त्या दिवसाची तारीख कोणी लिहून ठेवली नाही. थोरांच्या तारखा सांभाळायला जन्मलेल्याची स्वतःची तारीख कोणाला ठाऊक नाही. चालायचंच.

जबलपूरच्या एका मराठी मंडळात वाचनालयाच्या दाराशी मला टांगलं. कपाळावर पांढऱ्या ऑइलपेंटने 'दिनविशेष' लिहिलं. रोज सकाळी आजची तारीख, आज कोण जन्मलं, कोण वारलं, कुठे काय घडलं. दुसऱ्या सकाळी सगळं पुसायचं. मी इतके राजे, इतके शास्त्रज्ञ अंगावरून पुसलेले पाहिले आहेत, की मला आता कोणाचंच कौतुक वाटत नाही.

त्याहूनही कमी कौतुक वाटतं ते वाचणाऱ्यांचं. सकाळी फिरून आलेले काका माझ्यासमोर उभे राहतात. आधी 'निधन' वाचतात. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाव वाचून म्हणतात, "अच्छा, हेही गेले!" कोणी जन्मसाल बघून आज तो माणूस किती वर्षांचा असता याचा हिशेब करतं. दोन थोर माणसं एकाच तारखेला जन्मलेली दिसली, की "बघा, आजच्याच दिवशी!" म्हणून एकमेकांना टाळ्या देतात, जणू त्या दोघांनी ठरवूनच जन्म घेतला. मग चहा. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत सगळे थोर डोक्यातून गेलेले असतात.

मला लिहायचा वेदांग. अधारतालच्या बिजलीच्या दुकानात कामाला होता. दुकान उघडण्याआधी स्कूटरवरून यायचा. मंडळाचे अध्यक्ष श्रीपादजी आदल्या दिवशी कागदावर मजकूर काढून ठेवायचे, तो वेदांग उतरवायचा. बाकीचे डस्टर आपटतात, धूळ उडवतात. तो ओल्या फडक्याने पुसायचा, कोपऱ्यापर्यंत. आणि माझ्याशी बोलायचा. "चला भाऊ, आज कोणाकोणाला पैदा करायचं, कोणाकोणाला मारायचं?" मला भाऊ म्हणणारा तो एकटाच होता.

सगळे त्याला 'आमचा वेदांग' म्हणायचे. खुर्च्या लावायला आमचा वेदांग. माइक बिघडला, आमचा वेदांग. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दिव्यांच्या माळा लावायलाही आमचाच.

गेल्या वर्षीचा बावीस मे. हा दिवस मंडळात मोठा. १९९७ साली याच तारखेला मध्यरात्रीनंतर जबलपूरला भूकंप झाला होता. त्या दिवशी माझ्यासमोर गर्दी होते आणि प्रत्येक जण स्वतःचा भूकंप सांगतो. "मी तर बनियनवरच रस्त्यावर आलो!" मेलेल्यांबद्दल कोणी काही सांगत नाही. सगळ्यांना आपापली बनियन आठवते.

त्या सकाळी कालचं कोणीतरी पुसून ठेवलं होतं, मी कोरा होतो. वेदांग आला नव्हता. श्रीपादजींनी फोन लावला. त्यांना फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची सवय आहे. पलीकडे फोन उचलला गेला आणि हे सुरू झाले.

"वेदांग! अरे, लोक येऊन राहिले, फळा कोरा! वर्षभर लिहितो अन् आजच दांडी मारतो? जिम्मेदारी नावाची काही चीज आहे की नाही तुझ्यात?"

पलीकडून एक जाड, कोरडा आवाज आला. "मी आल्हाद बोलतो, त्याचा लहान भाऊ. भैयाला डंपरनं उडवलं. तुमच्याकडेच येऊन राहिला होता. आता नाही राहिला तो."

श्रीपादजी "अरेरे" म्हणाले. "तरुण मुलगा," म्हणाले. फोन ठेवला. थोडा वेळ चष्मा पुसला. मग मंडळातल्या आलोकला म्हणाले, "पण फळा असा कोरा कसा ठेवायचा? आलोक, खडू बघ रे."

आणि त्यांनी लिहिलं. राजा राममोहन रॉय यांचा जन्म. राइट बंधूंना उडत्या यंत्राचं पेटंट. सिलोनचं श्रीलंका. जबलपूरचा भूकंप. वाकड्यातिकड्या ओळींत सगळं बसवलं. खाली चार बोटं जागा उरली होती. ती तशीच राहिली.

त्या दिवसापासून मला या माणसांची किळस आहे.

मंडळात सभासद वारला की शेजारच्या सूचनाफलकावर 'दुःखद निधन' लागतं. वेदांगचं लागलं नाही. तो सभासद नव्हता. खुर्च्या उचलायला आमचा होता, मरायला नव्हता.

यंदा बावीस मेला वाचनालय उघडल्या उघडल्या आल्हाद आला. बॅटरीच्या दुकानात काम करतो, नववीत शाळा सोडलेला, डोकं गरम. वेदांगचीच जुनी चप्पल पायात. ग्रंथपाल पूर्णिमाताई पुस्तकं लावत होत्या.

"दीदी, आज भैयाला वर्ष झालं. त्याचं नाव लिहा ना इथे. एक लाइन. एकच दिवस. उद्या तसंही पुसाल."

"मी कशी लिहू बाळा? श्रीपादजींना विचारावं लागते."

श्रीपादजी आलेच होते. भूकंपावर व्याख्यान होतं म्हणून कडक इस्त्रीचा झब्बा घातला होता. त्यांनी आल्हादच्या पाठीवर हात ठेवला. असा हात ते नाही म्हणायच्या आधी ठेवतात.

"हे बघ, दुःख आहे, मान्य आहे. पण इथे इतिहास लिहितात. अन् शोकसूचना फक्त सभासदांची, असा नियम आहे. उद्या सगळेच येतील."

आल्हादने माझ्याकडे पाहिलं. मजकूर लिहून झाला होता. "काका, हे राममोहनजी मेंबर होते काय तुमचे?"

पूर्णिमाताईंनी तोंडाला पदर लावला.

"मस्करी नको करू."

"अन् हे राइट बंधू? यांनी खुर्च्या उचलल्या काय इथे?"

"आल्हाद!"

"एक भाऊ दुसऱ्या भावासोबत उडाला तर लिहिता. माझा भाऊ तुमच्या फळ्यापायी मेला, ते काहून नाही लिहीत?"

उत्तराची वाट न पाहता त्याने खडू उचलला. यंदाही खाली उरलेल्या चार बोटं जागेत, दात आवळून, मोठ्या जाड अक्षरांत लिहिलं: 'वेदांग. माझा भाऊ. इथे रोज लिहायचा. इथे येताना गेला.'

श्रीपादजींनी डस्टर घेतलं. तेवढ्यात व्याख्यानाचे पाहुणे पायऱ्या चढताना दिसले. डस्टर खाली गेलं. "राहू दे," ते हसून म्हणाले, "आजचा दिवस राहू दे."

आणि त्या वेड्या पोराला ते खरं वाटलं. तो त्यांच्या पाया पडला. डोळे पुसत, आईला सांगायला निघाला. मला ओरडून थांबवावंसं वाटलं त्याला. मी या लोकांना ओळखतो.

रोज आलोक माझा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकतो. आल्हाद फाटकाबाहेर जाताच श्रीपादजी हळूच म्हणाले, "खालचं घेऊ नको."

"खालचं कापूनच टाकतो, जी."

फोटो गेला. पण एक गोष्ट दोघांच्या ध्यानात नव्हती. वेदांगचा नंबर त्या ग्रुपमधून कोणी काढला नव्हता. काढायला त्याची आठवण यावी लागते. वेदांगचा फोन आल्हादच्या खिशात होता.

पाहुणे बोलायला उभे राहिले होते. भूकंपाने माणसं कशी एकमेकांच्या जवळ आली, यावर बोलत होते. ग्रुपवरचा फोटो पाहून आल्हाद परत आला आणि दारात उभा राहिला.

"आलोक भैया, खालची लाइन कुठे गेली?"

"फ्रेममध्ये नाही बसली यार."

"श्रीलंका पूरी बसली, अन् माझा भाऊ नाही बसला?"

त्याने दोन्ही हातांनी मला उचलून खिळ्यावरून काढलं. श्रीपादजी धावले. "अरे, मंडळाची मालमत्ता आहे ती!"

"बोलवा पोलीस. आल्यावर सांगा त्यांना, काय लिहिलं होतं ते."

कोणी पोलीस बोलावले नाहीत. पाहुण्यांनी भाषण जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं. टाळ्यांचा आवाज मला रस्त्यावर ऐकू आला.

आता मी अधारतालला त्यांच्या एका खोलीच्या घरात भिंतीला टेकून उभा आहे. आल्हादने आल्या आल्या वरचे सगळे थोर पुसून काढले. खालची एक ओळ ठेवली. त्यांच्या आईने, शैलजाबाईंनी, ती वाचली, ओळीवरून हात फिरवला नाही, खडू जाईल म्हणून. नुसत्या समोर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "आल्हाद, तारीख बदलली. कामावर जा बेटा."

"जातो. पण पुसायचं नाही."

"नाही पुसत."

आठवड्याने पूर्णिमाताई आल्या. मंडळ नवा फळा घेणार आहे, म्हणाल्या, त्याला वेदांगचं नाव देणार, चांगला दिवस बघून उद्घाटन करणार, शैलजाबाईंचा सत्कारही.

आल्हादने विचारलं, "श्रीपादजी कधी येतील?"

"कशासाठी?"

"त्या दिवशी भैयाला फोनवर कामचोर ठरवलं. ते परत घ्यायला. आईसमोर. इथे."

पूर्णिमाताईंनी मान खाली घातली. पाण्याचा पेला रिकामा केला आणि गेल्या. अजून कोणी आलेलं नाही. येणारही नाही. शाल द्यायला ही माणसं शहर ओलांडून येतील, पण 'चुकलं' म्हणायला त्यांना उंबरा चढवत नाही.

माझा रंग उडतोय. एका बाजूची फळी फुगली आहे. ही भिंत ओल धरते, खडू एक दिवस सुटेल, हे मला ठाऊक आहे. आल्हादलाही असेल. पण तो अक्षर गिरवत नाही. एकदाच लिहिलंय, म्हणतो, भैया गेलाही एकदाच.

मंडळाच्या लोकांनो, नव्या फळ्यावर हवं त्याला जन्माला घाला, हवं त्याला मारा. मला परत मागू नका. या घरात अजून बावीस मे आहे. आम्हाला आजची तारीख सांगायला येऊ नका.