आय-एन-जी

पडदे शिवणाऱ्या बाईंनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी इंग्रजी शिकायला घेतलं, ते सुनेपायी. मुलगा नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला आणि एका दंतवैद्य मुलीशी लग्न करून मोकळा झाला. तिची भाषा वेगळी, याची वेगळी, त्यामुळे दोघांचा संसार इंग्रजीत चाले. सासू-सून फोनवर एकमेकींना "हॅलो" म्हणत, मग बराच वेळ हसत आणि फोन ठेवून देत. दोन वर्षांत यापुढे गाडी सरकली नव्हती.

"हसून हसून गाल दुखायला लागले," म्हणत बाईंनी वाचनालयाच्या माडीवरचा दुपारचा वर्ग धरला.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली.

"नेहमीचं असेल ते डावीकडे, साधा वर्तमानकाळ. आत्ता चाललेलं किंवा थोड्या दिवसांपुरतं असेल ते उजवीकडे, चालू वर्तमानकाळ. त्याला आय-एन-जी लागतं. 'आय लिव्ह हिअर' म्हणजे माझं घरच इथं. 'आय ॲम लिव्हिंग हिअर' म्हणजे सध्या मुक्काम इथं."

"आपल्यात 'मी इथं राहते' म्हटलं की दोन्ही आलं," बाई म्हणाल्या.

"आपल्यात समोरचा समजून घेतो, काकू."

त्या रविवारी बाईंनी सुनेला फोन लावला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "हाऊ इज माय सन?"

"ही इज लिव्हिंग इन द ऑफिस," सून म्हणाली आणि न हसता फोन ठेवला.

बाईंचे यजमान निवृत्त प्लंबर. ते टेबलावर एक गळका नळ खोलून बसले होते. "असेल कामावर," ते म्हणाले.

"कामावर असता तर 'वर्किंग' म्हणाली असती. ही 'लिव्हिंग' म्हणाली. त्यानं बिऱ्हाड हलवलंय."

"अगं बाई!"

"पण आय-एन-जी लावलंय. थोड्या दिवसांपुरतं आहे."

यजमानांनी नळात नवा वायसर बसवला. "मग अजून हातात आहे म्हणायचं," ते म्हणाले.

बाईंनी मुलाला फोन केला. तो म्हणाला, सगळं ठीक आहे.

"ऑफिसात कशावर झोपतोस?"

मग तो म्हणाला, "दोन खुर्च्या जोडून."

हळूहळू सगळं बाहेर आलं. गुरुवारी जेवताना तो काहीतरी सांगत होता आणि बायको मोबाइलमध्ये बघत होती. तो एवढंच म्हणाला, की तू माझं ऐकत नाहीस. त्यावर ती ताटावरून उठली आणि त्याची बॅग भरायला लागली.

"इंग्रजीत काय म्हणालास? शब्दन् शब्द सांग."

"यू डोन्ट लिसन टू मी."

बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. "अरे गाढवा, म्हणजे तू माझं कधीच ऐकत नाहीस! तुझं ऐकूनच आपल्या गावातला चालता दवाखाना सोडून आली ना ती त्या शहरात? 'यू आर नॉट लिसनिंग' म्हणायचं होतंस. आत्ता, या घटकेला."

"आई, मी रोज इंग्रजीत मेल लिहितो."

"मग झोप खुर्च्यांवर."

सोमवारी तो वाक्य कागदावर लिहून घरी गेला. बायकोनं त्याला दारातच उभं करून ते दोनदा वाचायला लावलं. मग ती रडली. दवाखान्याचं तिनं आजवर कधी काढलं नव्हतं, ते सगळं त्या दिवशी काढलं. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. तासाभरानं त्याची बॅग आत आली.

मंगळवारी सुनेनं आपणहून फोन केला. तिनं बाईंचे आभार मानले, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मग म्हणाली, "ही डझन्ट वॉश द डिशेस."

"टुडे?" बाईंनी आशेनं विचारलं.

"एव्हरी डे."

ही सवय कोणी लावली, ते बाईंना ठाऊक होतं. त्यांनी मुलाला फोनवर बोलावलं.

"हा साधा वर्तमानकाळ आहे बाबा," त्या म्हणाल्या. "यात व्याकरण काही करू शकत नाही. ऊठ आणि घास."