खालचं बेअरिंग

त्या आठवड्यात गोपालचं कशातच मन लागत नव्हतं. नांदगाव पेठच्या एका कापडगिरणीत तो फिटर होता. हातातलं काम टाकून तो उगाच गेटापर्यंत जायचा आणि परत यायचा. रविवारी अकोल्याबाहेरच्या मैदानावर चार चाकांच्या क्वाड बाइकची शर्यत होती आणि त्याची धाकटी बहीण प्रणाली वर्षभरानं पुन्हा उतरणार होती.

मागच्या वर्षी ती त्याच शर्यतीत पडली होती. तिसऱ्या फेरीत डावं चाक खड्ड्यात गेलं, हँडल झटका देऊन हातातून सुटलं आणि गाडी उलटली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. चांदूर बाजारच्या शाळेत ती गणित शिकवते. तीन महिने फळ्यावर डाव्या हातानं लिहीत होती. घरच्यांनी, तिनंही, नशिबाचा भाग म्हणून ते सोडून दिलं.

गोपालला ते सोडता आलं नाही. सुट्टी मिळाली की तो गाडीच्या पुढच्या भागाला हात घालायचा. चाकं धरणारे लांब आर्म बसवून त्यानं गाडी पुढून रुंद केली, चाकं वळवणारे टाय रॉड बदलले आणि शेवटी पुण्याहून स्टेअरिंग डॅम्पर मागवला. हँडलला बसणारा झटका त्यातलं तेल पिऊन टाकतं.

शनिवारी सकाळी हरभरा निघालेल्या वावरात प्रणालीनं आठ चकरा मारल्या. काळ्या मातीला हातभर भेगा पडल्या होत्या. परत येऊन तिनं हेल्मेट काढलं.

"दादा, लय मस्त झालं. भेगेत चाक गेलं तरी हँडल हालत नाही."

"उतर. मी पाह्यतो."

"आता कावून? चौथ्यांदा पाहून राहिला तू."

पुढची बाजू जॅकवर उचलून त्यानं चाकं हलवून पाहिली. दोरी लावून दोन्ही चाकांमधलं अंतर मोजलं, खुणा पुसून पुन्हा मोजलं. सगळं बरोबर होतं. तरी तो तिथून उठेना.

"काय झालं तुले?" प्रणालीनं विचारलं.

"हा डॅम्पर झटका खाते. पण खाली काही ढिलं असलं तर तेही लपवते. तुले हातात समजणार नाही."

"मंग तू पाह्यतच हायेस ना."

"मागच्या वर्षीही पाह्यलं होतं."

गोपाल जमिनीकडे बघत बोलत राहिला. त्या शर्यतीच्या दिवशी सकाळी स्टेअरिंगच्या दांड्याचं खालचं बेअरिंग त्याला खिळखिळं लागलं होतं. नवं आणून बसवायला वेळ नव्हता. त्यानं नट आवळला आणि तिला सांगितलं, गाडी ओके आहे.

"मले मालूम होतं, प्रणाली. तू वर्षभर मेहनत केली होती. म्हनून नाही बोललो."

प्रणालीनं उजवं मनगट डाव्या हातात धरलं.

"तरीही कदाचित उतरली असती मी," ती म्हणाली. "पण ते मी ठरवलं असतं."

ती वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून घराकडे निघून गेली. गोपाल नट आवळायचे पाने गोळा करू लागला. पेटीत ठेवले, बाहेर काढले, पुन्हा ठेवले. ती आता उतरणार नाही, असं तो धरूनच चालला होता.

तासाभरानं ती जुने कपडे घालून आली.

"जुनं बेअरिंग फेकलं का?"

"नाही. नवं बसवलं तवाचं पेटीतच हाये."

"ते बसव. ढिलं कसं लागते, मले माह्या हातानं पाह्यचं हाये."

त्यानं डॅम्पर काढला, दांडा सोडवला आणि जुनं बेअरिंग चढवलं. तिनं दांडा खालून धरून हलवला. बोटांना बारीकशी टकटक लागली. मग नवं बसवून हलवला. काहीच लागलं नाही. तिनं दोन्ही तीन-तीनदा करायला लावलं. डॅम्पर शेवटी तिनंच बसवला.

रविवारी मैदानावर तिनं गोपालला गाडीजवळ येऊ दिलं नाही. स्वतः जॅक लावला, चाकं हलवली, दांडा हलवला. तो दोरीपलीकडे उभा राहिला, मग पाण्याच्या टाकीकडे गेला, मग वळणावर. तिसऱ्या फेरीत तिची गाडी खड्ड्यांच्या पट्ट्यात शिरली तेव्हा त्याला बघवलं नाही. इंजिनाचा आवाज पुढे सरकल्यावरच त्यानं मान वर केली.

अकरा जणांत ती पाचवी आली.

परतताना गाडी पिकअपच्या मागे बांधली होती. मूर्तिजापूर मागे पडलं.

"अजून राग हाये मले," प्रणाली म्हणाली.

"असू दे."

"जाईल तवा जाईल. पण याच्यापुढं ढिलं दिसलं का पयले मले सांगायचं. तू एकट्यानं ठरवायचं नाही."

गोपालनं मान डोलावली. थोड्या वेळानं तिनं सांगितलं की शेवटच्या दोन फेऱ्यांत गाडी जराशी उजवीकडे ओढत होती. किती वेगाला, ब्रेक दाबल्यावर की नुसतीच, हे तो विचारत गेला आणि ती आठवून आठवून सांगत गेली.