बुचाचा फळा आणि हट्टी कुलूप

मित्रांनो, माझ्या अंगावर इतकी भोकं आहेत की मोजायची सोय नाही. मी एक जुना बुचाचा फळा आहे. मला चौकटीत बसवतानाच सुतार म्हणाला होता, "टोचून घेणं हेच तुझं काम. कुरकुरायचं नाही."

मी एका कारखान्यात आलो. तिथे नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणारे दिवे, पंप आणि कुलुपं बनत. एखादी युक्ती सापडली की मुख्य इंजिनिअर ताई ती कार्डावर लिहून मला टोचत. 'बॅटरीवर चालणाऱ्याने झोप काढावी, त्याचे निरोप शेजाऱ्याने सांभाळावेत.' 'नेटवर्क गेलं तर अडून बसू नये, स्वतः ठरवावं.' दिव्यांच्या कार्डांची एक रांग, पंपांच्या कार्डांची दुसरी, कुलुपांच्या कार्डांची तिसरी. येणारेजाणारे कौतुक करत आणि मी फुगून जाई.

एके सकाळी कुलुपं बनवणारा दादा आईला घेऊनच आला. नेटवर्क गेलं आणि त्याच्याच कुलपाने तिला घरात कोंडलं होतं.

"ते कुलूप काढ," आई कडाडली, "नाहीतर मी चालले धाकट्याकडे!"

"अगं, धाकट्याशी तुझं पटतं तरी का?"

"पटत नाही. पण त्याचं दार उघडतं!"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. उत्तर माझ्याच अंगावर होतं, पंपांच्या रांगेत: 'नेटवर्क गेलं तर अडून बसू नये.'

"मी कुलुपं करतो, ताई. पंपांकडे कशाला बघू?" दादा पुटपुटला.

"रांगच चुकली आपली." ताईंनी बाह्या सरसावल्या. "वस्तूंच्या रांगा बंद. आता अडचणींच्या लावायच्या. काढा सगळं!"

टाचण्या उपटताना माझे लचके निघाले, पण ताई हटल्या नाहीत. 'नेटवर्क नाही', 'वीज कमी', 'निरोप उशिरा' अशा नव्या रांगा लागल्या. पहिल्या रांगेतलं कार्ड समोर ठेवून दादा कुलूप खोलून बसला.

ते दुरुस्त झाल्यावर कारखान्याच्या दाराला लावलं आणि आईला बोलावलं. ताईंनी नेटवर्क बंद केलं. दादाचा जीव टांगणीला लागला. आईने आतून मूठ फिरवली. दार उघडलं. तिने ते लावून पुन्हा उघडून पाहिलं.

"धाकट्याला कळव," ती म्हणाली, "मी येत नाही."

आता माझ्या शेजारी कार्डं दाखवणारा संगणकाचा मोठा पडदा आला आहे. टाचण्या गंजल्या, माझ्याकडे फारसं कुणी बघत नाही. तरी कुणी उतरवेपर्यंत मी या रांगा धरून ठेवणार. मित्रांनो, शिकलेलं नुसतं जपू नका. अडलेल्या माणसाचा हात पोचेल अशा जागी ते ठेवा.