नाडीबुवांचा आकडा

गॅरेजच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली होती आणि आत माणसं टाचा उंचावून एकाच गोष्टीकडे बघत होती, गाड्यांची नाडी बघणाऱ्या नाडीबुवांच्या हाताकडे. बुवांनी निळ्या गाडीच्या बॉनेटवर तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटले.

“बत्तीसशे!” बुवा गरजले. “हिच्या अंगात बत्तीसशे आहे! डोकं नका लावू, लेकरांनो. डोक्याला कळतं ते पुस्तकातलं. बोटांना कळतं ते गाडीचं!”

मग त्यांनी खिशातून लाल कापडात शिवलेली एक डबी काढली, बॉनेटखाली वायरीला जोडली आणि मालकाला खूण केली. मालक औषधांचा दुकानदार, महिन्यापूर्वीच बुवांकडून गाडीत नवा कन्व्हर्टर बसवून घेतलेला. त्याने एका पायाने ब्रेक गच्च दाबला, दुसऱ्याने ॲक्सिलरेटर तळापर्यंत नेला. चाकं जागची हलली नाहीत, इंजिन ओरडलं, मिनिटाला किती फेऱ्या ते दाखवणारा काटा सरसर चढला आणि बरोब्बर बत्तीसशेवर अडला. लोकांनी तोंडात बोटं घातली.

रांगेत पुढचाच नंबर असलेल्या धाकट्या भावाने ताईच्या दंडाला धरलं. “बघितलंस? आता बोल!”

ताईला बोलायचा कंटाळा आला होता. शाळेत दिवसभर भौतिकशास्त्र शिकवायचं आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांना कुणाच्या ना कुणाच्या तावडीतून सोडवायचं, यात तिची वर्षं गेली होती. मावशीचं लोहचुंबकाचं कडं झालं, काकांची स्मरणशक्तीची पूड झाली, आता हा. पण या वेळी गप्प बसून चालणार नव्हतं. भाऊ जी गाडी इथे घेऊन आला होता, तिच्यातूनच तो बाबांना हॉस्पिटलात न्यायचा. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, वाटेत गाड्यांनी तुंबलेला पूल, पुढे चढ. तिथे गाडी बसली तर काय, या विचाराने तिची झोप उडाली होती.

“अरे, ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये काय असतं?” तिने विचारलं.

“टॉर्क कन्व्हर्टर. मला शिकवतेस?”

“तेलात बुडालेले दोन पंखे समोरासमोर. एक इंजिन फिरवतं, त्याच्या तेलाच्या झोताने दुसरा फिरतो. चाकं ब्रेकने धरून ठेवली तर इंजिन किती फेऱ्यांवर जाऊन अडतं, तो आकडा म्हणजे स्टॉल. आकडा मोठा असला की गाडी सुटताना झेप घेते, कारण इंजिन आधीच जोरात आलेलं असतं. शर्यतीला ठीक आहे. पण रोजच्या ट्रॅफिकमध्ये त्या आकड्याच्या खूप खाली चालवलीस, तर पंखे नुसते घसरत राहतात आणि सगळा जोर तेल तापवण्यात जातो.”

“म्हणूनच तर बुवा प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा काढतात!”

“आकडा वेगळा, आणि बसवतात काय?” ताईने भिंतीकडे बोट केलं. तिथे नव्या कन्व्हर्टरच्या खोक्यांची थप्पी लागली होती. सगळ्यांवर एकच चित्र, एकच मॉडेल.

ताई पुढे झाली. “बुवा, इंजिन अडताना फट-फट असा तुटक आवाज का येत होता? तेलाने अडवलेलं इंजिन सलग घुमतं. तुटक आवाज येतो तो कुणी इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी मध्येच तोडली तर.”

“ताई, श्रद्धा नसेल त्याला आवाजच ऐकू येतो,” बुवा हसले. लोकही हसले.

ताईने दुकानदाराकडे मोर्चा वळवला. “गाडी तुमची, हातही तुमचाच. ती डबी काढा आणि पुन्हा तसंच करा.”

“डबीला हात लावाल तर गाडीचा प्राण जाईल!” बुवांचा आवाज चढला.

दुकानदार घुटमळला. मग हळूच म्हणाला, “तशीही महिनाभर करपल्याचा वास मारतेय. तुम्ही म्हणालात, आतला जुना मळ जळतोय म्हणून.” आणि त्याने डबी उपटली.

या खेपेला काटा बत्तीसशेवर थांबला नाही. छत्तीसशे, अडतीसशे, पार चार हजारांच्या वर गेला आणि तिथे इंजिन सलग घुमत राहिलं. “पाय काढा!” ताई ओरडली. दुकानदाराने पाय काढला.

तिने डबीवरचं कापड फाडलं. आत काळा प्लास्टिकचा चौकोन होता आणि त्यावर छापलं होतं: ३२००. ठरलेल्या फेऱ्यांवर ठिणगी तोडणारं साधं लिमिटर. बुवांच्या खिशात वेगवेगळ्या आकड्यांच्या तशा आणखी डब्या खुळखुळत होत्या. जी काढायची ठरवतील, तिच्यावरचा आकडा म्हणजे त्या गाडीच्या अंगातला आकडा. कन्व्हर्टर मात्र सगळ्यांना तोच, शर्यतीचा. दुकानदाराने गिअरबॉक्समधलं तेल तपासायची कांडी ओढून बघितली. तेल काळंकुट्ट, नाकाला झोंबणारं.

“मळ नाही जळत,” ताई म्हणाली. “तुमचा गिअरबॉक्स जळतोय.”

गलका झाला. बुवांचं बिंग फुटलं होतं, पण बुवा कुठले खजील व्हायला! “ज्याच्या मनात शंका, त्याचं तेल जळणारच,” ते छातीठोकपणे म्हणाले. नवल म्हणजे दोघा-तिघांनी माना डोलावल्या. ताईने डोक्याला हात लावला.

भाऊ तिच्यावरच चिडला. “मग तू सांग ना, माझ्या गाडीला किती?”

“मला नाही माहीत.”

“हे बरंय!”

“खरंच नाही माहीत. गाडीचं वजन किती, इंजिनचा जोर कुठल्या फेऱ्यांवर येतो, गिअर कसे आहेत, रोज कुठून चालवतोस, हे मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. जो कारागीर आधी हे सगळं विचारेल, वर तेल थंड ठेवायचं कसं तेही बोलेल, त्याच्याकडे जा. कदाचित कंपनीच्या मूळ आकड्यापेक्षा थोडासाच वर नेईल तो, आणि तुला मजा कमी येईल. या माणसाने तुला एक तरी प्रश्न विचारला? मागच्या सीटवर कोण बसतं, एवढं तरी?”

भावाचं तोंड उतरलं. “नाही,” तो म्हणाला. मग गाडीत बसला आणि रिव्हर्स घेऊन रांगेबाहेर पडला.

लगेच मागची पांढरी गाडी पुढे सरकली आणि मोकळी जागा भरून गेली. बुवांनी बोटं पुसून पुढे केली. “चल, घरी जाऊ,” भावाने हाक मारली.

ताईचे पाय दुखत होते. आज कुणाशी एक शब्दही बोलू नये असं तिला वाटत होतं. तरी ती पांढऱ्या गाडीपाशी गेली आणि काचेवर टकटक केली.

“दादा, जरा काच खाली घ्या. तुमच्या मागच्या सीटवर कोण बसतं हो?”