कळलावीचा अर्धा कंद

मी कळलावीचा कंद बोलतोय. अर्धाच उरलोय, पण जे सांगायचं ते पुरतं ठाऊक आहे. ऐका, आणि ऐकून झालं की पळा.

शिनोलीच्या शिवारात, सयाजीच्या बांधावरच्या कुपाटीत, काटेरी कुंपणात, माझा जन्म झाला. जमिनीखाली मी नांगरासारखा दोन फाट्यांचा. वर माझी वेल चढायची, श्रावणात तिला लाल-पिवळी फुलं यायची. येणारे-जाणारे थांबून बघायचे. पण फूल घरात नेलं की भांडणं लागतात म्हणे! भांडायची हौस माणसांना, नाव मात्र आमचं. तेही सोसलं. माझ्या अंगात जहाल विष आहे हे मी कधी लपवलं नाही. गुरंसुद्धा मला तोंड लावत नाहीत.

तरी बायका मला शोधत यायच्या. बाई अडली की मला सहाणेवर उगाळून तिच्या तळपायांना लेप लावायचा, आणि मूल झालं की लगेच पाय धुऊन मला लांब फेकायचं, अशी इथली जुनी रीत. त्यानं कुणाची सुटका झाली का, मला माहीत नाही.

सयाजीची लेक शीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिच्या आईनं, लंकाबाईनं, मला उकरलं, धुतलं आणि फडक्यात बांधून फडताळात ठेवलं. पोटुशीसमोर माझं नाव काढायचं नसतं, म्हणून लेकीला एका शब्दानं सांगितलं नाही. माया होती हो ती. पण तिथंच घात झाला.

महाशिवरात्रीच्या सकाळी लंकाबाई देवळात गेली. शीलानं रताळी उकडायला घेतली आणि फडक्यातला मी तिच्या हाती लागलो.

“आईनं करांदा जपून ठेवलाय व्हय!” ती हसून म्हणाली. उपासाला खातात त्या रानातल्या कंदाला करांदा म्हणतात. माझा एक फाटा कट्कन मोडून तिनं पातेल्यात टाकला. मी ओरडलो. कंदाचं ओरडणं कोण ऐकणार? खाताना कडसर लागला, तर तिनं गूळ लावून खाल्ला. एका घासात दोन जीव.

दुपारी उलट्या सुरू झाल्या, मग पोटात मुरडा. लंकाबाई धावली. “कळा सुरू झाल्या गं, भिऊ नगं!” फडकं सोडलं तर मी अर्धाच. “उंदरानं न्हेला वाटतं,” म्हणाली आणि मला उगाळायला बसली. ज्या विषानं पोर तळमळत होती, त्याचाच लेप तिच्या तळपायांना! झिजायचं नाही असं मी ठरवलं, तरी झिजलोच. जुलाबानं शीला गळून गेली तेव्हा कुठं शेजारची जीप आली आणि तिला घोडेगावला दवाखान्यात नेलं.

दिवस मावळताना सयाजी मोटारसायकलवर तिचे कपडे न्यायला आला. शेजारीण गोजरबाई दारातच होती.

“डॉक्टर सारखं इचारत्यात, काय खाल्लं म्हणून,” तो म्हणाला. “आमी सांगितलं, रताळी नि भगर. उपासाचंच. पोरीला तर बोलायचं भान न्हाई.”

“भाऊ, ती कळलावी आदी लांब टाका. घरात ऱ्हायली तर पोरीला बाधंल.”

सयाजीनं मला सहाणेवरून उचललं आणि खिशात घातलं.

मला केवढं हायसं वाटलं! दवाखान्याकडेच निघालो होतो की. खिशात त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या सुजेवरच्या गोळ्यांचं पाकीट होतं. त्या गोळ्यांत माझ्यातलाच रस असतो, कणभर, मोजून. एकदा त्यानं दोन गोळ्या जास्त खाल्ल्या, तर डॉक्टरनं केवढं झापलं होतं! डॉक्टरसमोर मला नुसतं ठेवलं असतं, तरी दुसरा फाटा कुठं गेला, एवढं त्यांनी विचारलं असतं. लंकाबाईला उंदीर आठवला असता. चल सयाजी, चल लवकर!

कॅनॉलच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली. मला काढून कपाळाला लावलं.

“माय, माझ्या पोरीला सोड गं,” म्हणाला, आणि मला पाण्यात फेकून दिलं.

मी वाहतोय. पाण्याला ओढ फार आहे. कडेला कुणी असाल, पाण्याची मोटार लावायला आला असाल, धुणं धूत असाल, मला बाहेर काढा हो. तसाच ओला घोडेगावला न्या. शीलानं हे खाल्लंय, एवढंच डॉक्टरांना सांगा.